‘व्हेन पिग्ज फ्लाय’ वाक्यात नीट कसं बसवायचं

मित्राला दिलेले उसने पैसे, रोज नळाला येणारं पाणी, सांगितलेल्या वेळेला हजर होणारा प्लंबर, ‘यंदा नक्की’ म्हणून दर वर्षी ठरणारी गोव्याची सहल. सोलापुरात असा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘देतोय होय तो!’ किंवा ‘झालंच मग!’ इंग्रजीत याच जागी ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ येतं. डुकरं उडतील तेव्हा होईल, म्हणजे कधीच होणार नाही.

अर्थ एका मिनिटात कळतो. अडतं ते वाक्य करताना. स्पोकन इंग्लिशच्या वर्गात वाक्प्रचारांची यादी पाठ करून घेतात, पण तो वाक्यात कुठे बसतो, त्याच्यामागे कुठला काळ येतो, कुणासमोर बोलायचा आणि कुणासमोर नाही, हे राहून जातं. मग पुण्यात मुलाखतीला किंवा नोकरीला गेलेला पोरगा अर्थ बरोबर असूनही वाक्य चुकवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. या वाक्प्रचारात ‘नाही’ हा शब्द कुठेच नसतो. नकाराचं सगळं काम डुकरं करतात. बाकीचं वाक्य सरळ, होकारार्थी आणि गंभीर चेहऱ्याचं ठेवायचं. नेहमीच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

दोन जागा

पहिली जागा नुसत्या उत्तराची. कुणी ‘कधी’ असं विचारलं की तेवढंच म्हणायचं.

‘व्हेन विल ही रिटर्न युअर मनी?’
‘व्हेन पिग्ज फ्लाय.’

प्रश्न ‘व्हेन’ने सुरू झाला आणि उत्तरही ‘व्हेन’ने सुरू झालं, म्हणून ते चपखल बसतं. प्रश्न ‘विल ही रिटर्न इट?’ असा असेल तर आधी एक ‘या’ किंवा ‘शुअर’ लावतात: ‘या, व्हेन पिग्ज फ्लाय.’ इथे ‘नो, व्हेन पिग्ज फ्लाय’ म्हणू नका. ‘नो’ म्हटल्यावर उत्तर तिथेच संपतं आणि पुढची डुकरं उगाच लटकत राहतात. आपल्याकडे ‘हां, देतोय तो!’ म्हणताना तो ‘हां’ जे करतो तेच इथे ‘या’ करतो. तोंडाने हो म्हणायचं, सुरातून नाही म्हणायचं.

दुसरी जागा वाक्याच्या शेवटची. आधी माणूस, मग ‘विल’ आणि क्रियापद, मग ही शेपटी:

‘ही विल रिटर्न माय मनी व्हेन पिग्ज फ्लाय.’
‘द प्लंबर विल कम ऑन टाइम व्हेन पिग्ज फ्लाय.’
‘माय ब्रदर विल वॉश हिज ओन प्लेट व्हेन पिग्ज फ्लाय.’

शेपटी पुढे आणून ‘व्हेन पिग्ज फ्लाय, ही विल रिटर्न माय मनी’ असं म्हटलं तर व्याकरण बिघडत नाही, पण गंमत निघून जाते. ऐकणाऱ्याला आधी वाटलं पाहिजे की खरंच पैसे परत येणार आहेत, आणि मग शेवटच्या तीन शब्दांत ते हातातून गेले पाहिजेत.

तिसराही एक साचा आहे, जरा लांब पण बोलायला छान: ‘द डे ही कम्स ऑन टाइम इज द डे पिग्ज फ्लाय.’ तो ज्या दिवशी वेळेवर येईल त्या दिवशी डुकरं उडतील. यात ‘व्हेन’ लागत नाही.

कुठे चुकतं आणि का

सर्वांत जास्त दिसणारी चूक: ‘ही विल पे व्हेन पिग्ज विल फ्लाय.’ मराठीत आपण दोन्हीकडे भविष्यकाळ घेतो, ‘डुकरं उडतील तेव्हा तो देईल’. तोच हिशोब इंग्रजीत गेला की दुसरा ‘विल’ घुसतो. इंग्रजीत पुढे घडायच्या गोष्टीबद्दल ‘व्हेन’ जोडून वाक्य आलं की त्या भागात साधा वर्तमानकाळ लागतो. ‘आय विल कॉल यू व्हेन द ट्रेन रीचेस पुणे’ हे वाक्य तोंडात बसवून घ्या. हुतात्मा एक्स्प्रेसने जाणारा कुणीही घरच्यांना हे सांगू शकतो. यात ‘विल रीच’ म्हणत नाहीत, तसंच डुकरांच्या बाबतीतही ‘विल फ्लाय’ म्हणत नाहीत.

दुसरी चूक जास्त घातक, कारण तिने अर्थच फिरतो: ‘ही वोन्ट पे व्हेन पिग्ज फ्लाय.’ आपल्या डोक्यात वाक्य असतं ‘तो या जन्मात पैसे देणार नाही’. त्यातला ‘नाही’ इंग्रजीत जातो. पण नकार आधीच डुकरांकडे दिलेला आहे. वर आणखी एक ‘वोन्ट’ आला की वाक्य सांगू लागतं, डुकरं उडतील तेव्हा तो देणार नाही. मग एरवी देतो काय? ऐकणारा गोंधळतो. नकार ठेवायचाच असेल तर ‘व्हेन’ काढून ‘अंटिल’ घाला: ‘ही वोन्ट पे अंटिल पिग्ज फ्लाय.’ डुकरं उडेपर्यंत तो देणार नाही, हे बरोबर जुळतं. तरी रोजच्या बोलण्यात होकारी वाक्य अधिक ऐकू येतं आणि जास्त लागतंही.

तिसरी चूक ‘द’ आणि ‘अ’ची. ‘व्हेन द पिग्ज फ्लाय’ म्हटलं की ऐकणारा विचारात पडतो, कुठली डुकरं? ‘द’ लावला की ठरावीक डुकरं होतात, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरची. ‘व्हेन अ पिग फ्लाइज’ही नको. वाक्प्रचार जसा आहे तसाच घ्यायचा: अनेकवचन, ‘पिग्ज’च्या आधी ‘द’ नाही, ‘फ्लाय’ला शेवटी काही नाही.

चौथी चूक ‘इफ’ची. ‘इफ पिग्ज फ्लाय’ म्हटलं की शक्यता उघडी राहते. मात्र ‘इफ पिग्ज हॅड विंग्ज, दे वुड फ्लाय’ हे वेगळं आणि अगदी बरोबर आहे. डुकरांना पंख असते तर ती उडली असती. कुणी ‘माझ्याकडे भांडवल असतं तर, तेव्हा ती जागा घेतली असती तर’ असं जर-तर लावत बसला की त्याला हे ऐकवतात. आपल्याकडे तिथे ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ येतं. जर-तरला हे वाक्य आणि पोकळ आश्वासनाला ‘व्हेन पिग्ज फ्लाय’, असं वाटप लक्षात ठेवा.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ एक पायरी मागे जातो. ती म्हणाली, ‘आय विल लेंड हिम माय स्कूटी व्हेन पिग्ज फ्लाय.’ हे तुम्ही तिसऱ्याला सांगताना म्हणाल, ‘शी सेड शी वुड लेंड हिम हर स्कूटी व्हेन पिग्ज फ्लू.’ बोलताना कुणी ‘फ्लाय’ तसाच ठेवला तर खटकत नाही, पण ‘विल’चा ‘वुड’ मात्र करा.

आणि भूतकाळातल्या सरळ गोष्टीला हा वाक्प्रचार लावूच नका. ‘गेल्या वर्षी त्याने पैसे दिले नाहीत’ याला ‘ही पेड व्हेन पिग्ज फ्लू’ म्हणत नाहीत. तिथे ‘ही नेव्हर पेड’ म्हणा आणि मोकळे व्हा.

कशाला लावायचा

जी गोष्ट मुळातच अशक्य आहे तिला तो शोभत नाही. ‘सूर्य पश्चिमेला उगवेल व्हेन पिग्ज फ्लाय’ यात सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजू सारख्याच अशक्य. सोलापूरला समुद्र येईल, मे महिन्यात इथल्या सात रस्ता चौकात बर्फ पडेल, ही वाक्यंही म्हणूनच पडतात. वाक्प्रचाराला हवी असते अशी गोष्ट जी करणं कुणाच्या तरी हातात आहे, जी होऊ शकते, पण अनुभवाने आपला विश्वास उडालेला आहे. उसने पैसे परत येऊ शकतात. भाऊ ताट धुऊ शकतो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतून पोरं खेळण्यासाठी हट्ट न करता घरी येऊ शकतात. पण येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे तो खरा वाजतो:

‘द किड्स विल लीव्ह द गड्डा विदाउट अ टॉय व्हेन पिग्ज फ्लाय.’

शब्द जितके नेमके तितकं वाक्य जिवंत. ‘ही विल चेंज व्हेन पिग्ज फ्लाय’ ठीक आहे, पण ‘ही विल फिनिश हिज भाकरी विदाउट शेंगा चटणी व्हेन पिग्ज फ्लाय’ म्हटलं की समोर माणूस दिसतो, त्याचं ताटही दिसतं. भाकरी, चटणी, गड्डा, हुरडा हे शब्द इंग्रजी वाक्यात तसेच राहू द्या. आपापसांत बोलताना त्यांचं इंग्रजी करत बसण्याची गरज नाही. परगावचा पाहुणा असेल तर वस्तू एकदा समजावून सांगा.

मराठीत मिसळून बोलायचं असेल तर तो सुट्या उत्तराच्या जागीच बसतो:

‘का बे, पक्या दिवाळीपर्यंत पैसे देतो म्हणलाय.’
‘देतोय होय! व्हेन पिग्ज फ्लाय, लेका.’

मराठी वाक्याच्या मधोमध घुसवला (‘तो व्हेन पिग्ज फ्लाय पैसे देईल’) तर दोन्ही भाषा अडखळतात.

‘पिग्ज माइट फ्लाय’

इंग्लंडमध्ये हे रूप जास्त चालतं, आणि त्याचं काम थोडं वेगळं आहे. ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ तुम्ही स्वतःच्या वाक्याला जोडू शकता. ‘पिग्ज माइट फ्लाय’ मात्र समोरच्याने काही म्हटल्यावर त्याला उत्तर म्हणूनच येतं, आणि ते स्वतःच पूर्ण वाक्य असतं.

‘आय विल गेट अप ॲट फाइव्ह टुमॉरो अँड गो फॉर अ वॉक अराउंड द सिद्धेश्वर लेक.’
‘अँड पिग्ज माइट फ्लाय.’

सुरुवातीचा ‘अँड’ महत्त्वाचा आहे. तू पाचला उठशील, आणि डुकरंही उडतील बहुधा. दोन्ही गोष्टी एका तागडीत टाकल्या की वेगळं काही बोलावं लागत नाही. ‘ही विल पे पिग्ज माइट फ्लाय’ अशी जोडणी मात्र करता येत नाही.

हे उडतं डुक्कर बरंच जुनं आहे. जॉन विदल्स यांनी मुलांसाठी केलेल्या इंग्रजी-लॅटिन शब्दकोशाच्या १६१६ सालच्या आवृत्तीत म्हणींमध्ये ते सापडतं, आणि तिथे डुकरं शेपटी पुढे करून हवेत उडतात. म्हणजे उडणं तर अशक्य होतंच, वर ते उलटं. आज ती शेपटी गळून पडली आहे. प्राणी बदलून हीच कल्पना इतरत्रही दिसते: फ्रेंच लोक कोंबड्यांना दात येतील तेव्हा म्हणतात, स्पॅनिश लोक बेडकांना केस फुटतील तेव्हा.

आणि ती गोष्ट खरंच घडली तर?

वर्षानुवर्षं उशिरा येणारा एक दिवस दहा मिनिटं आधी आला. आपण म्हणतो, ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला का काय!’ इंग्रजीत इथेही डुकरं कामाला येतात, फक्त आता ती उडत असतात: ‘पिग्ज मस्ट बी फ्लाइंग!’ किंवा खिडकीकडे पाहत ‘लुक, अ फ्लाइंग पिग!’

‘मस्ट’ म्हणजे इथे ‘पाहिजे’ नव्हे, ‘असणारच’. तू वेळेवर आलास, त्या अर्थी डुकरं उडत असणारच. ‘पिग्ज मस्ट फ्लाय’ म्हटलं तर ‘डुकरांनी उडलंच पाहिजे’ असा हुकूम होतो. ‘बी’ आणि ‘इंग’ दोन्ही लागतात.

शेजारी वाक्प्रचार

घोटाळा इथे फार होतो. ‘वन्स इन अ ब्लू मून’ हा अशक्यतेचा वाक्प्रचार नाही. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात, आणि तसं साधारण अडीच-तीन वर्षांत एकदा होतंच. म्हणून ‘ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे तो क्वचित फोन करतो, पण करतो. सवयीबद्दल बोलायचं असेल तर हाच घ्या. ‘नीडल इन अ हेस्टॅक’, म्हणजे गवताच्या गंजीतली सुई, हेही अशक्य नव्हे, महाकठीण. नवी पेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी हरवलेलं कानातलं शोधणं त्यात येतं.

‘व्हेन हेल फ्रीझेस ओव्हर’चा अर्थ जवळचा असला तरी वजन वेगळं. डुकरं उडवताना आपण दुसऱ्यावरचा अविश्वास सांगतो. नरक गोठवताना बहुतेक वेळा स्वतःचा निर्धार सांगतो: ‘आय विल सेल माय फादर्स लूम व्हेन हेल फ्रीझेस ओव्हर.’ वडिलांचा माग विकायचा प्रश्नच नाही, हे यात रागाने आणि ठामपणे येतं. तिथे डुकरं आणली तर बोलण्याला हलकेपणा येईल. दुसऱ्याला काही करू द्यायचं नसेल तर ‘ओव्हर माय डेड बॉडी’, पण ते भांडणाच्या टोकाला.

‘फॅट चान्स’ नीट ऐका. फॅट म्हणजे जाड, म्हणून शक्यता मोठी असं वाटतं, पण अर्थ उलटा: काही आशा नाही. ‘स्लिम चान्स’ म्हणजे थोडी का होईना, खरी आशा. ‘अ स्नोबॉल्स चान्स इन हेल’, नरकात बर्फाच्या गोळ्याला असेल तेवढीच आशा, तर आणखी विचित्र. ‘वी हॅव अ स्नोबॉल्स चान्स’ आणि ‘वी डोन्ट हॅव अ स्नोबॉल्स चान्स’ दोन्हींचा अर्थ एकच, काही खरं नाही. वाचताना कोड्यात पडू नका.

सभ्य आणि बिनधोक हवं असेल तर ‘नॉट इन अ मिलियन इयर्स’ आणि ‘डोन्ट होल्ड युअर ब्रेथ’. दुसऱ्याचा अर्थ, श्वास रोखून वाट बघत बसू नकोस. सल्ल्यासारखा येतो, म्हणून टोचत नाही.

कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

हा मित्रांमधला, भावंडांमधला, बरोबरीच्या सहकाऱ्यांमधला बोल आहे. साहेबांनी ‘महिनाअखेर काम होईल ना?’ विचारल्यावर ‘व्हेन पिग्ज फ्लाय, सर’ म्हणणं म्हणजे उर्मटपणा. तिथे ‘आय डोन्ट थिंक दॅट्स पॉसिबल, सर’ म्हणावं आणि कारण सांगावं. अर्जात, तक्रारीच्या पत्रात, मुलाखतीत, आजारपणाच्या गोष्टीत तो नकोच.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. दहावीच्या पोराने ‘मी नव्वद टक्के आणणार’ म्हटल्यावर काका-मामांनी गमतीत ‘पिग्ज माइट फ्लाय’ म्हटलं, तर त्याला गंमत ऐकू येत नाही, आपल्यावर कुणाचा विश्वास नाही एवढंच ऐकू येतं. पुन्हा मराठीत डुक्कर ही शिवी आहे. ऐकणाऱ्याला वाक्प्रचार माहीत नसेल तर ते आपल्यालाच म्हटलं असं वाटून भांडण होऊ शकतं. मुस्लिम घरात, त्यातही वडीलधाऱ्यांसमोर, डुकराचं नाव नकोसं वाटू शकतं. तिथे ‘नॉट इन अ मिलियन इयर्स’ने काहीही अडत नाही.

व्हॉट्सॲपवर सूर ऐकू जात नाही. ‘शुअर, व्हेन पिग्ज फ्लाय’मधला ‘शुअर’ कुणी खरा धरला की पंचाईत. लिहायचंच असेल तर डुकराचा इमोजी जोडा.

उच्चार

‘पिग्स’ नव्हे, ‘पिग्ज’. शेवटचा आवाज ‘माझं’मधल्या ‘झ’च्या जवळचा, पण हलका. ‘फ्लाय’मधला ‘फ’ ओठ मिटून ‘फळ’सारखा काढू नका. वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवून वारा सोडा. जोर ‘पिग्ज’ आणि ‘फ्लाय’वर, ‘व्हेन’ पटकन. ‘फ्लाय’वर सूर खाली आला पाहिजे. वर गेला तर ते प्रश्नासारखं वाटतं आणि ऐकणारा उत्तराची वाट बघतो.

समोरच्याने वापरला तर

अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखान्यातून परदेशी ग्राहकाला फोन लावलाय असं धरा. तुम्ही म्हणालात, ‘माल शुक्रवारी निघेल.’ पलीकडून आलं, ‘फ्रायडे? पिग्ज माइट फ्लाय.’ इथे हसून ‘येस, येस’ म्हणणं ही मोठी चूक. तुमच्या तारखेवर त्याचा विश्वास नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलंय. शिवी दिलेली नाही, सौदाही मोडलेला नाही. बहुधा आधीची एखादी तारीख हुकलेली आहे. रागावूही नका. विश्वास बसेल असं काहीतरी हातात द्या: ‘आय नो हाऊ इट साउंड्ज, बट द पॅकिंग इज डन. आय विल सेंड यू द फोटोज टुडे.’ आणि फोटो त्याच दिवशी पाठवा.

मित्राने म्हटलं असेल तर उत्तर सोपं आहे, ‘जस्ट वॉच मी’. बघच तू.

सरावाला

खालच्या वाक्यांचं इंग्रजी आधी स्वतः करा, मग पुढचं वाचा.

‘काकू मला रेसिपी सांगतायत होय!’ — ‘काकू विल टेल मी हर रेसिपी व्हेन पिग्ज फ्लाय.’

‘तो म्हणाला, सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा मी गाडी विकीन.’ — ‘ही सेड ही वुड सेल हिज बाइक व्हेन पिग्ज फ्लू.’ त्याने हे रागाने, निर्धाराने म्हटलं असेल तर ‘व्हेन हेल फ्रोझ ओव्हर’ अधिक बरोबर.

‘आज ताट स्वतः उचललंस? सूर्य पश्चिमेला उगवला का बे?’ — ‘यू पिक्ड अप युअर ओन प्लेट? पिग्ज मस्ट बी फ्लाइंग!’

‘तो कधीमधीच गावी येतो.’ — इथे डुकरांचं काम नाही. तो येतो, क्वचित का होईना, म्हणून ‘ही कम्स होम वन्स इन अ ब्लू मून’.